गावच्या न सुटलेल्या कोड्यावर पुस्तक लिहायचंय? कामाचा क्रम असा ठेवा

कोकणात गावाच्या इतिहासावर पुस्तक काढायला निघालेली माणसं पुष्कळ आहेत: निवृत्त शिक्षक, मुंबईतली ग्रामस्थ मंडळं, देवळाच्या जीर्णोद्धार समित्या, कॉलेजातली मुलं. मेहनत सगळेच मनापासून करतात. तरी छापून आलेल्या पुस्तकांत तेच घोटाळे पुन्हा पुन्हा दिसतात. ऐकीव गोष्ट पुरावा म्हणून येते, शकाचं वर्ष चुकीचं उतरतं, शिलालेख ऑइलपेंटने रंगवून मग त्याचा फोटो काढला जातो. आणि जे कोडं पिढ्यानपिढ्या सुटलेलं नाही ते शेवटच्या पानावर एका परिच्छेदात सोडवलेलं असतं. अशी चूक पुढच्या पुस्तकात जाते, तिथून गावच्या कमानीवरच्या फलकावर चढते आणि मग कोणाच्याच हातून खाली उतरत नाही.

तयारीपासून छपाईपर्यंत काय कधी करायचं ते इथे दिलं आहे. पायऱ्या उलटसुलट केल्या तर नुकसान होतं, आणि ते बहुतेक वेळा भरून निघत नाही. म्हणून क्रमाबद्दल मी आग्रही आहे.

१. कोडं एका वाक्यात लिहा

‘आमच्या गावचा प्राचीन इतिहास’ या विषयाला शेवट नाही. प्रश्न नेमका हवा. खाडीच्या तोंडावरची पडकी गढी कोणी बांधली? देवळामागचे वीरगळ कोणत्या लढाईतले? बंदरात गलबतं यायची कधी थांबली? प्रश्न चांगला आहे की नाही हे ओळखायची खूण म्हणजे कोणता पुरावा मिळाला तर तुमचं मत बदलेल हे तुम्हाला आधीच सांगता आलं पाहिजे. ते सांगता येत नसेल तर प्रश्न अजून लहान करा.

मग वहीत तीन रकाने आखा: ‘नोंद आहे’, ‘लोक सांगतात’, ‘माझा तर्क’. पुस्तक हातात येईपर्यंत प्रत्येक वाक्य या तिन्हींपैकी एकाच रकान्यात राहिलं पाहिजे.

विजयदुर्गाच्या पाण्याखालच्या भिंतीचं उदाहरण घ्या. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने तिथे पाण्यात उतरून पाहणी केलेली आहे. हे पहिल्या रकान्यात. शत्रूची जहाजं तिच्यावर आपटून फुटली, हे दुसऱ्या. ती अमुक काळात अमुक हेतूने बांधली, हे तिसऱ्या. बहुतेक पुस्तकांत ही तिन्ही विधानं एकाच वाक्यात येतात आणि वाचणाऱ्याला फट दिसतच नाही.

कातळशिल्पांचंही तसंच. कशेळी, उक्षी, बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ, जांभरूण, रुंढेतळी, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसईमळ ही ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीला प्रचंड हत्ती कोरलेला आहे. ही नोंद झाली. पण कोणी कोरलं, केव्हा, कशासाठी, हे उघडंच आहे. दगडावरच्या रेघेत कार्बन नसतो, त्यामुळे कार्बन चाचणीने तिचं वय काढता येत नाही. असं कोडं पुस्तकात उघडं ठेवणं हा अभ्यासाचाच भाग आहे, त्यात कमीपणा काही नाही.

सावध: प्रश्नात ‘गुप्तधन’ किंवा ‘भुयार’ आलं की आजूबाजूला कुदळी निघतात. जमिनीत दडवलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. आपलं पुस्तक एखाद्या चौथऱ्याच्या मुळावर येऊ नये याची काळजी पहिल्या दिवसापासून घ्या.

२. कामाचं वर्ष पावसाप्रमाणे आखा

हा भाग लोक पूर्ण विसरतात. सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या पठारावरचं, काम पावसाळ्यात होत नाही, कारण शेवाळ चढतं आणि पाठोपाठ गवत वाढतं. गवत वाळून बसलं की डिसेंबरपासून मेपर्यंत कातळ उघडा असतो. वीरगळ, गद्धेगळ (दान मोडणाऱ्याला शाप कोरलेले दगड), पाखाड्या (दगडी पायवाटा), जुन्या विहिरी, गढ्यांचे पाये हे सगळं याच काळात पाहायचं.

जुने कागदही पावसात उघडू नयेत. खारी, ओली हवा लागली की कसरीने खाल्लेला कागद हातात सुटतो. खोतांच्या घरातला पेटारा फेब्रुवारी ते मेच्या कोरड्या दिवसांत उघडायचा. जून ते सप्टेंबर हे महिने मोडी शिकायला, गॅझेटियर (इंग्रजांच्या काळातलं जिल्ह्याच्या माहितीचं सरकारी पुस्तक) वाचायला, टिपणं लावायला ठेवा.

गणपतीला आणि शिमग्याला सगळं गाव घरी असतं म्हणून लोक मुलाखती तेव्हाच लावतात. माझं मत उलट आहे. त्या दिवसांत घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, म्हातारं माणूस दमलेलं असतं आणि चार पुतणे मध्ये बोलत असतात. तेव्हा फक्त ओळखी करा, फोन नंबर घ्या, कोणाकडे मुंबईच्या खोलीत जुने कागद आहेत ते विचारून ठेवा. निवांत बोलणं मे महिन्यात किंवा थेट मुंबईला जाऊन.

३. आधी माणसं, मग कागद

माणसं निघून जातात, हे एक कारण. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. तुम्ही आधी गॅझेटियर वाचून गेलात तर तुमच्या प्रश्नांत उत्तर दडलेलं असतं आणि समोरचा ते तुम्हाला परत देतो. ‘आजोबा, ही गढी आंग्र्यांची ना?’ असं विचारलंत तर उत्तर ‘हो’ येणार. ‘आजोबा, त्या पडक्या चिऱ्यांना तुम्ही काय म्हणायचात? लहानपणी तिकडे जायला कोणी अडवायचं का?’ असं विचारा.

कोणाकडे जायचं याची यादी करताना फक्त मानकऱ्यांची घरं धरू नका. गुरव, गावकर, भंडारी, गाबीत, खारवी, कोळी, दालदी, कोकणी मुसलमान, बौद्धवाडीतली माणसं, अलिबागकडे बेने इस्रायली (कोकणातल्या ज्यू) कुटुंबांच्या आठवणी ठेवणारे शेजारी, या प्रत्येकाकडे गावाचा वेगळा तुकडा असतो. बंदराबद्दल तांडेलाला (गलबताच्या प्रमुखाला) जे माहीत असतं ते खोताला नसतं. आणि बायकांना विचारा. लग्न होऊन आलेली बाई माहेरची गोष्ट आणि सासरची गोष्ट शेजारी ठेवून फरक सांगते. जात्यावरच्या ओव्यांत ठिकाणांची नावं टिकून राहतात.

प्रत्येक गोष्टीनंतर एकच प्रश्न न चुकता विचारा: ‘हे तुम्हाला कोणी सांगितलं?’ आजीने, शाळेतल्या मास्तरांनी, मंडळाच्या स्मरणिकेने की मोबाइलवरच्या व्हिडिओने, हे तिथल्या तिथे टिपा. मोबाइलवर रेकॉर्ड करताना आधी परवानगी घ्या आणि सुरुवातीलाच तारीख, वाडी आणि सांगणाऱ्याचं नाव बोलून ठेवा. नाव छापायचं की नाही ते त्यांना विचारा आणि त्यांच्या शब्दाला बांधील राहा.

पडताळा: तिघांनी तीच गोष्ट सांगितली म्हणजे तीन पुरावे झाले असं नाही. तिघांचं मूळ एकाच स्मरणिकेत किंवा एकाच कीर्तनकारात असेल तर तो पुरावा एकच. ती स्मरणिका निघायच्या आधी ऐकल्याचं कोणी खात्रीने सांगतं का ते शोधा.

काही गोष्टी गावोगाव फिरत असतात. तळ्याकाठी नारळ ठेवून सांगितलं की लग्नकार्याला भांडी वर यायची, एकाने एक भांडं परत केलं नाही आणि ती यायची बंद झाली. पांडवांनी एका रात्रीत देऊळ बांधायला घेतलं, कोंबडा आरवला आणि कळस राहिला. गडावरून खाडीपर्यंत भुयार होतं, त्यात एक शेळी सोडली. या गोष्टी आवर्जून लिहून घ्या, त्या सुंदर आहेत. पण त्यातून घटना काढू नका. त्याच गोष्टीतला जो तपशील फक्त तुमच्याच गावात सापडतो तो वेगळा काढा. एखादं विशिष्ट शेत, विशिष्ट घराणं, विशिष्ट दिवस. शोध तिथून सुरू करायचा.

कुणकेश्वरची कथा प्रसिद्ध आहे: वादळात सापडलेल्या परदेशी व्यापाऱ्याने किनाऱ्यावरचा दिवा पाहून नवस केला, वाचल्यावर देऊळ बांधलं आणि मग तिथेच प्राण दिले. नवस आणि वादळ हा भाग फिरता आहे. पण देवळाचं बांधकाम कोणत्या शैलीचं, त्यात किती टप्पे दिसतात, कथेत दाखवतात ती कबर कोणत्या पद्धतीची, हे प्रश्न जागेवर जाऊन तपासता येतात. कथा खरी की खोटी यावर पान खर्च करू नका. तपासता येणारे तुकडे वेगळे काढा आणि एकेक हाती घ्या.

४. मान आणि जमीन: इथे घाई करू नका

कोकणातल्या गावाचा इतिहास म्हणजे बहुतेक वेळा पालखीचा मान कोणाचा, पहिला नारळ कोणाचा, गाऱ्हाणं कोण घालणार याचाही इतिहास असतो. बारा-पाचाच्या, म्हणजे गावच्या मानकऱ्यांच्या, मानावरून गावागावांत जुने वाद आहेत आणि काही कोर्टातही गेलेले आहेत. तुम्ही सहज लिहिलेलं ‘गावचं मूळ घराणं अमुक’ हे वाक्य उद्या कोणीतरी वकिलाच्या फाइलीत लावेल. जमिनीचंही तेच आहे. १९४८ मध्ये कुळकायदा आला, खोती १९४९ च्या कायद्याने संपली, तरी देवरहाटी (देवाच्या नावाने राखलेलं रान), देवस्थानची इनामं आणि सामाईक सडे यांचे तंटे अजून चालू आहेत.

म्हणून हे आधी करा. देवस्थानची समिती, गुरव आणि प्रमुख मानकरी यांना एकत्र बसवून पुस्तकाचा प्रश्न वाचून दाखवा. पुस्तकात मानाचा क्रम ठरवला जाणार नाही, हे तोंडी सांगा आणि लिहूनही द्या. दोन बाजू असतील तर दोन्हींचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत, सारख्याच लांबीत छापा. एखादा जुना कागद एका बाजूला झुकत असेल तर पूर्ण कागद छापा. सोयीची ओळ तेवढी काढून छापणं हा अन्याय आहे, आणि गाव तो विसरत नाही.

गाभाऱ्यात जाणं, देवाचे फोटो, तरंग, निशाण, मुखवटे यांबाबत प्रत्येक गावची रीत वेगळी. विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नका. कौल लावून परवानगी घ्या असं गावाने सांगितलं तर थांबा. तेवढा वेळ कामाच्या आखणीत आधीच धरलेला असू द्या.

सावध: घराण्याच्या मूळपुरुषाबद्दल किंवा जातीच्या उगमाबद्दल पुराणातल्या कथेवरून काहीही सिद्ध करायला जाऊ नका. समुद्रातून वाहत आलेल्या चौदा जणांची कथा चिपळूणकडे परशुरामाच्या संदर्भात सांगतात. अलिबागजवळच्या नवगावला जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांची कथा बेने इस्रायली समाज सांगतो. साम्य नोंदवा आणि तिथेच थांबा.

५. दगडाची नोंद दगडाला न दुखवता

सगळ्यात जास्त नासधूस या पायरीवर होते. अक्षरं दिसत नाहीत म्हणून लोक खडू फिरवतात, चुना भरतात, तेल ओततात, तारेच्या ब्रशने घासतात. जांभा मऊ असतो, घासला की कडा जातात. बसाल्टच्या लेखातही ज्या बारीक ओरखड्यावरून तज्ज्ञ अक्षर ओळखतो तो खडूमुळे बुजतो. वर तुम्हाला जे अक्षर वाटलं तेच खडूने ठळक होतं आणि पुढचा प्रत्येक माणूस दगड वाचायचा सोडून तुमचा खडू वाचतो.

बिनखर्चाची योग्य पद्धत अशी:

दगडावरचा पाचोळा हाताने किंवा मऊ कुंच्याने काढा. गरज पडली तर साधं पाणी, साबण नाही. फोटो सकाळी लवकर किंवा संध्याकाळी काढा, ऊन तिरपं असताना. त्याहून चांगलं म्हणजे अंधार पडल्यावर जायचं आणि टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून एका बाजूने धरायची. मग डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून असे चार फोटो घ्यायचे. डावीकडच्या उजेडात न दिसलेली रेघ वरच्या उजेडात उठते. प्रत्येक फोटोत मोजपट्टी हवी. कॅमेरा दगडाला समांतर धरा.

मग मोजमाप: उंची, रुंदी, जाडी, किती ओळी, दगड कोणता, तोंड कोणत्या दिशेला. दगड मूळ जागी आहे की जीर्णोद्धारात हलवला, हे गुरवांना विचारा. हे फार महत्त्वाचं आहे. देवळाच्या पायरीत बसवलेला गद्धेगळ मूळचा दुसऱ्याच शेताच्या बांधावरचा असू शकतो. मग त्यातलं दान देवळाला दिलेलं होतं, हा निष्कर्षच पडतो.

कागदी ठसा घेणं, म्हणजे ओला कागद दगडावर ठोकून शाई फिरवणं, हे शिकलेल्या माणसाचं काम आहे. स्वतः करू नका. पुरातत्त्व विभागाला किंवा विद्यापीठातल्या पुराभिलेख शिकवणाऱ्या प्राध्यापकांना फोटो पाठवा. ठसा घ्यायची गरज आहे की नाही ते सांगतील. संरक्षित स्मारक असेल तर हात लावण्याआधी परवानगी.

वाचनाबद्दल एकच सांगतो. अलिबागजवळच्या अक्षीचा शिलालेख शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ चा म्हणून प्रसिद्ध आहे, आणि त्या काळाच्या वाचनावरही अभ्यासकांत वाद झालेला आहे. इतक्या नावाजलेल्या लेखाची ही गत असेल तर तुमच्या गावच्या झिजलेल्या दगडावरचं वर्ष एकाच्या वाचनावर छापू नका. दोन जाणकारांना एकमेकांचं वाचन न दाखवता वाचायला द्या. जुळलं तर छापा. नाही जुळलं तर दोन्ही छापा.

पडताळा: फोटो, मोजमाप, दगड हलवला की नाही याची माहिती आणि दोन वाचनं, या चारही गोष्टी हातात आल्याशिवाय पुढच्या पायरीवर जाऊ नका.

सावध: रानात उघड्यावर असलेल्या मूर्ती किंवा वीरगळाचं अचूक ठिकाण पुस्तकात देऊ नका. वाडीचं नाव पुरे. अचूक माहिती पुरातत्त्व विभागाला कळवा. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती कायद्याने पुरावस्तू ठरते. ती उचलून घरी आणणं, अगदी जपायच्या हेतूनेही, टाळा.

६. कागद कुठे आणि कोणत्या नावाने शोधायचे

‘आमच्या गावचा उल्लेखच नाही’ असं म्हणणाऱ्यांनी बहुतेक वेळा आजचा तालुका शोधलेला असतो. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ चा. त्याआधी मालवण, देवगड रत्नागिरीत होते आणि सावंतवाडी वेगळं संस्थान होतं. रायगडला कुलाबा म्हणत, जंजिरा संस्थान त्याहून निराळं. पेशवेकालीन कागदांत गाव ‘तालुके सुवर्णदुर्ग’, ‘तालुके विजयदुर्ग’ अशा किल्ल्यांच्या नावाखाली आणि त्याखालच्या तर्फेत (गावांच्या गटात) असतं. आधी आपल्या गावाची तर्फ कोणती ते काढा, मग शोधा.

इंग्रजी कागदांत विजयदुर्ग ‘घेरिया’ आहे, बाणकोट ‘फोर्ट व्हिक्टोरिया’. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला तेव्हा त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ म्हटलं. ही नावं माहीत नसतील तर अनुक्रमणिका पाहून माणूस रिकाम्या हाताने परततो.

शोधाचा क्रम असा ठेवा. पहिल्यांदा मुंबई इलाख्याचं गॅझेटियर: रत्नागिरी व सावंतवाडीचा दहावा खंड १८८० चा, कुलाबा व जंजिऱ्याचा अकरावा १८८३ चा. हे वाचायचं ते वाटा कळण्यासाठी. यातल्या कथा त्या काळच्या अधिकाऱ्यांनी स्थानिकांकडून ऐकून लिहिलेल्या आहेत, म्हणून त्या तुमच्या ‘लोक सांगतात’ रकान्यातच जातील. छापील आहे, इंग्रजी आहे, जुनं आहे एवढ्यावरून त्यांना पहिल्या रकान्यात ढकलू नका. ही चूक मी इतक्या पुस्तकांत पाहिली आहे की तिच्यासाठी वेगळा इशारा छापावासा वाटतो.

दुसऱ्यांदा गावातलेच कागद: भूमी अभिलेख कार्यालयातला जुना गावनकाशा, जुने फेरफार, खोतांच्या घरची बोटखतं (जमीन आणि साऱ्याच्या नोंदी), सनदा, देवस्थानच्या हिशेबवह्या, शाळेचं सर्वसाधारण रजिस्टर. गावनकाशावर शेतांची आणि ठिकाणांची जी नावं आहेत त्यांची यादी मुलाखतीतल्या नावांशी लावा.

पुराभिलेखागारांची पाळी यानंतर. पुण्याला पेशवे दफ्तर, मुंबईला इंग्रजी पत्रव्यवहार, दक्षिण कोकणासाठी कोल्हापूर आणि पणजी. पणजीत पोर्तुगीज कागदांबरोबर मोडी कागदही आहेत. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून कागद जमवतं आहे, तिथे छापील साधनंही एकत्र मिळतात. जाण्याआधी पत्र लिहून प्रश्न, काळ आणि तर्फ कळवा. ‘गावाबद्दल जे असेल ते दाखवा’ म्हणून कोणीही रुमाल (कागदांचं गाठोडं) सोडत नाही.

मोडी स्वतः शिकलात तर उत्तम, पण पहिल्या वर्षी छपाईसाठी जाणकाराकडूनच लिप्यंतर करून घ्या. लिप्यंतरात शब्द सुधारू नका. फाटलेल्या जागी टिंबं, शंका असलेल्या अक्षरापुढे प्रश्नचिन्ह, आणि शेजारी मूळ कागदाचा फोटो. चिकटलेली पानं सुटी करायला जाऊ नका.

७. तारखा: इथेच पुस्तक टिकतं किंवा पडतं

शकाचं इसवी सन काढताना चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. नेहमी ७८ मिळवणारे माघातल्या घटनेला एक वर्ष आधी नेतात.

संवत्सराचं नाव दिलं असेल तर लगेच पडताळा. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तितकावा संवत्सर. शिवराज्याभिषेक शके १५९६, आनंदनाम संवत्सर. १५९६ अधिक १२ म्हणजे १६०८, ६० ने भागून बाकी ४८, आणि ४८ वा संवत्सर आनंद. बरोबर. तुमच्या लेखात हे जुळत नसेल तर अक्षर चुकीचं वाचलं गेलंय, किंवा गत (पुरी झालेली वर्षं मोजणारा) शक आणि वर्तमान (चालू वर्ष मोजणारा) शक असा एका वर्षाचा फरक आहे. वार दिला असेल तर तोही पंचांगाच्या गणिताने तपासा.

मोडी कागदांतला शुहूर सन अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो. ‘खमस सितैन मया व अलफ’ म्हणजे ५, ६०, १०० आणि १०००, मिळून ११६५. यात ५९९ मिळवले की १७६४. हे वर्ष मृगाला सुरू होतं, त्यामुळे जानेवारीनंतरच्या महिन्यांना ६०० मिळवावे लागतात. फसली सनात (महसुलाच्या वर्षात) ५९०, जानेवारीनंतर ५९१. हिजरी वर्ष चांद्र आहे, सुमारे ३५४ दिवसांचं. त्याला ठरावीक आकडा मिळवून चालत नाही, कोष्टकच लागतं.

इंग्रज आणि पोर्तुगीज कागद शेजारी ठेवणाऱ्यांसाठी: पोर्तुगीजांनी नवं कॅलेंडर १५८२ मध्येच घेतलं, इंग्रजांनी सप्टेंबर १७५२ मध्ये. त्यामुळे १६७९ च्या खांदेरीच्या लढाईबद्दलचं मुंबईचं इंग्रजी पत्र आणि पोर्तुगीजांचं पत्र यांत एकाच दिवसाला १० दिवसांचा फरक पडतो. १७०० नंतर तो ११ होतो. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही प्रसिद्ध तारीखही जुन्या कॅलेंडरची आहे, नव्याने ती १६ जून येते. शिवाय इंग्रजांचं नवं वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होई. त्यांच्या पत्रातला ‘फेब्रुवारी १६७९’ हा आपला फेब्रुवारी १६८० असू शकतो.

तारीख लावल्याने काय होतं ते विजयदुर्गावर बघा. ‘हेलियमचा शोध १८६८ च्या ग्रहणात विजयदुर्गावरून लागला’ हे वाक्य असंख्य ठिकाणी छापलेलं आहे. आता तारखा ओळीने मांडू. १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण झालं. त्या वेळी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियरने ग्रहण नसताना सूर्यज्वाळांचा वर्णपट (हेलियमची खूण त्यातच दिसली) पाहिला तो २० ऑक्टोबर १८६८ ला, इंग्लंडमधून. लॉकियर विजयदुर्गाला खरोखर आला, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोपर्यंत रसायनशास्त्रज्ञ रॅम्झीने १८९५ मध्ये हेलियम प्रयोगशाळेत वेगळाही केला होता. म्हणजे गडावर दाखवतात त्या ‘साहेबाच्या ओट्यां’चा विचार करताना आधी १८९८ च्या मोहिमेकडे पाहावं लागतं. ऑगस्टातला कोकणातला पाऊस आठवला तरी शंका यायला हवी होती.

याने विजयदुर्गाचं महत्त्व तसूभरही कमी होत नाही. एका मोठ्या शास्त्रज्ञाची मोहीम आपल्या किनाऱ्यावर झाली, हे खरं आहे आणि त्यावर अजून पुष्कळ लिहिण्यासारखं आहे. गावकऱ्यांनी त्या मोहिमेला काय काय पुरवलं, ओटे कोणी बांधले, कोणाच्या घरात त्या दिवसाची आठवण उरली आहे, ही आपल्या हातातली कामं आहेत.

पडताळा: पुस्तकातल्या प्रत्येक तारखेपुढे ती कोणत्या सनातून आणि कशी काढली ते टीपेत लिहा. ज्या तारखेला टीप लिहिता येत नाही ती खोडा.

८. लिहिताना

पहिलं प्रकरण कोड्याचं, शेवटचं प्रकरण उरलेल्या प्रश्नांचं. मधली प्रकरणं कालक्रमाने लावायची सवय असते. मला पुराव्याच्या क्रमाने लावलेली जास्त प्रामाणिक वाटतात: जागेवर काय दिसतं, कागद काय म्हणतात, लोक काय सांगतात, यावरून कोणकोणती उत्तरं शक्य आहेत. प्रत्येक शक्य उत्तराखाली त्याच्या बाजूने आणि विरुद्ध काय आहे ते मांडा. तुमचा कल एका उत्तराकडे असेल तर ‘माझ्या मते’ असं स्पष्ट लिहा. ‘निर्विवाद’, ‘ठामपणे सिद्ध होते’ हे शब्द आले की थांबून वहीतला रकाना बघा.

‘असावं’, ‘असं दिसतं’, ‘नोंद आहे’ या तीन क्रियापदांचं वजन वेगळं आहे. ती पूर्ण पुस्तकभर एकाच अर्थाने वापरा आणि तो अर्थ प्रस्तावनेत सांगा.

हस्तलिखित तिघांना द्या: गावातलं एक वडीलधारं माणूस, गावाबाहेरचा एक अभ्यासक, आणि तुमच्या मताच्या विरुद्ध असलेला एक जण. तिसऱ्याला वगळण्याचा मोह होतो. त्याच्याच खुणा सर्वांत उपयोगी पडतात.

९. छपाई, नोंदणी, प्रती

डेमी १/८ आकार स्वस्त पडतो आणि कपाटात बसतो. पानसंख्या १६ च्या पटीत ठेवा, म्हणजे फॉर्म (एकत्र छापली जाणारी सोळा पानं) वाया जात नाही. कागदपत्रांचे फोटो ३०० डीपीआयचे द्या. मोबाइलवर मेसेजमधून आलेला फोटो छपाईत फुटतो, मूळ फाइलच मागा.

युनिकोडमधला मजकूर छापखान्यात जुन्या फॉन्टमध्ये बदलला जातो तेव्हा जोडाक्षरं, रफार आणि अंक बिघडतात. शके १५९६ चं १५६९ झालेलं प्रूफवाचनात कोणाला दिसत नाही, कारण डोळा शब्द वाचतो, आकडे वाचत नाही. म्हणून आकड्यांचं प्रूफ वेगळं: एकाने मूळ मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने छापील पान पाहायचं. व्यक्तिनामांची आणि स्थळांची सूची जोडा. सूची नसलेलं स्थानिक इतिहासाचं पुस्तक पुढच्या अभ्यासकाच्या जवळजवळ उपयोगी पडत नाही.

प्रकाशनाची तारीख गणपतीच्या किंवा जत्रेच्या मुहूर्तावर आधीच जाहीर करू नका. शेवटच्या महिन्यातल्या घाईत सूची आणि टीपा सगळ्यात आधी कापल्या जातात.

आयएसबीएन राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, अर्ज हस्तलिखित पक्कं झालं की लगेच करा. १९५४ च्या कायद्यानुसार पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि कायद्याने ठरवलेल्या इतर सार्वजनिक ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते. याशिवाय एक प्रत तालुक्याच्या वाचनालयात, एक गावच्या शाळेत, एक देवस्थानच्या कपाटात द्या. ज्यांनी मुलाखत दिली त्या प्रत्येक घरी एक प्रत हाताने नेऊन द्या, टपालाने नको.

मुलाखतींची रेकॉर्डिंग, दगडांचे सगळे फोटो, लिप्यंतरं आणि तीन रकान्यांची वही यांची एक प्रत दुसऱ्या शहरातल्या ग्रंथालयाकडे किंवा विद्यापीठाकडे ठेवा आणि ती कुठे ठेवली आहे ते पुस्तकाच्या मागच्या पानावर छापा. त्याच पानावर चुका कळवण्यासाठी पत्ता द्या. आलेल्या प्रत्येक पत्राची तारीखवार नोंद ठेवा, आणि दुसरी आवृत्ती निघायची वाट न पाहता शुद्धिपत्र एका कागदावर छापून वाचनालयांतल्या प्रतींत चिकटवून या.